दोन नंबर ओढ

प्रिय पक्या,

माउथ ऑर्गन कुठला घेऊ विचारलंस ना, फोनवरच सांगणार होतो पण बोलता बोलता मी वाजवून दाखवायला लागतो आणि घरचे वैतागतात, म्हणून लिहितोय.

डोळे झाकून १० होलचा डायटॉनिक घे, म्हणजे साधे सारेगमपधनी वाजणारा, सी स्केलचा (सा इंग्रजी सी सुरावर असलेला). मी आधी २४ होलचा ट्रेमोलो घेतला होता, त्यात एका सुराला दोन रीड (श्वासाने थरथरणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्या) असतात, एकमेकींपेक्षा किंचित वरखाली लावलेल्या, त्यामुळे तो थरथरता आवाज येतो, ऐकायला जाम गोड, पण सूर वाकवायचा, म्हणजे श्वासानेच थोडा खाली उतरवायचा म्हटलं की गाडी अडते. बटण दाबून कोमल-तीव्र सूरही काढायच्या क्रोमॅटिकच्या नादी तर आत्ता लागूच नकोस.

आता ऐक. चार नंबरच्या होलला फुंकलं की सा, श्वास आत ओढला की रे, पाचला ग म, सहाला प ध, फुंक-ओढ फुंक-ओढ, झोपेतही जमेल इतकं सरळ, आणि सातला येऊन गडी पलटी मारतो, तिथे आधी ओढायचं तेव्हा नी आणि मग फुंकलं की वरचा सा!! मी किती दिवस तिथेच आपटत होतो काय सांगू. खालच्या सप्तकात तर म आणि ध दिलेलेच नाहीत, कारण तिथे कॉर्ड (एकदम वाजणारे जुळते सूर) वाजाव्यात अशी मांडणी आहे, एक ते चार एकदम फुंकलं की सी मेजर आणि ओढलं की जी मेजर. तो म हवा असेल तर दोन नंबर ओढताना सूर खाली वाकवायचा, ध साठी तीन नंबर. ते खूप नंतरचं, मला अजून धड येत नाही.

खरी फजिती त्या दोन नंबर ओढचीच. ओढलं की नुसतं फुस्स, नाहीतर घसा बसल्यासारखा घोगरा आवाज. पीसच खराब म्हणून बदलून आणायला परत डबीत भरला होता, तेवढ्यात आतेभाऊ आला, त्याने तोच घेऊन तेच होल असं खणखणीत वाजवलं की मी गप्पच. म्हणाला, तू सरबत ओढल्यासारखा ओढतोयस, जांभई देताना घसा कसा उघडतो तसा ठेव, जीभ खाली, जबडा सैल, आणि जोर नाही, नुसता श्वास घे. शिवाय दोन ओढ आणि तीन फुंक हा एकच सूर आहे, प, म्हणून दोन्ही आलटून पालटून वाजवायचे, कानाला फरक कळेनासा होईपर्यंत. हे मी रोज करतो, त्याआधी गाणंबिणं काही नाही. (खोटं कशाला बोलू, कधीकधी आधी गाणंच.)

ओठ शीळ घालतो तसे कर पण वाद्य चांगलं आत घे, टोकावर धरलंस तर शेजारचे दोन सूर पण ओरडतात. सुरुवातीला गरगरलं तर थांबायचं, हिरोगिरी नको. खाऊन लगेच वाजवू नकोस, चूळ भर, आणि झाल्यावर होल खाली करून तळहातावर आपट, जे काय बाहेर येतं ते बघू नकोस.

आणलास की दोन नंबर ओढ रेकॉर्ड करून पाठव. फुस्स आलं तरी पाठव, माझं पहिलंवहिलं फुस्स मी जपून ठेवलंय, दोन्ही एकदम ऐकू.

तुझाच,
बंड्या