फास्ट रंग पळत का नाही?

ब्रॅडफर्ड, इंग्लंड

तीर्थरूप अण्णा आणि आई,
साष्टांग नमस्कार. आज्जीलाही नमस्कार सांगा.

अण्णा, तुम्ही फोनवर विचारलंत की फास्ट म्हणजे जोरात जाणारं, मग चादरीच्या लेबलावर न जाणाऱ्या रंगाला फास्ट कलर कसं म्हणतात? उभा जन्म डाईंग खात्यात काढलेल्या माणसाचा प्रश्न आहे, म्हणून सवडीने आणि नीट लिहिते.

तुमचा प्रश्न इथे आणखी टोकदार होतो. धुताना एका कपड्याचा रंग दुसऱ्याला लागला, की इथली माणसं ‘कलर रन झाला’ म्हणतात. म्हणजे रस्त्यावर फास्ट तो, जो जोरात रन करतो, आणि कपड्यात फास्ट तो, जो अजिबात रन होत नाही. ही दोन टोकं एका शब्दात आली कशी?

तर मूळ अर्थ तुमच्या चादरीचाच आहे, गाडीचा नंतरचा. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हा शब्द होता तो घट्ट, पक्का, न हलणारा या अर्थाने. दार घट्ट लावलं की फास्ट, नावेचा दोर खुंटाला आवळून बांधला की फास्ट. विमानात बसल्यावर पट्टा ‘फासन’ करा म्हणतात ना, तो शब्द याच घरातला. जिवाभावाच्या मित्रांना जुन्या इंग्रजीत फास्ट फ्रेंड म्हणत. आपणही रंग पक्का आणि दोस्तीही पक्की म्हणतोच.

मग यात वेग कुठून शिरला? ‘घट्ट’वरून ‘जोर लावून’ असा अर्थ आला. नेट लावून लढणारा फास्ट लढतो, नेट लावून धावणारा फास्ट धावतो. आणि जो नेटाने धावतो तो लवकर पोचतो, म्हणून हळूहळू नेट मागे पडला आणि वेग तेवढा उरला. पुढे आगगाड्या आल्या, फास्ट बॉलर आले, पुढे चालणारं घड्याळ आलं, आणि लोकांच्या तोंडी वेगाचाच अर्थ बसला. जुना अर्थ मात्र मेला नाही. गाढ झोपलेल्या माणसाला इथे आजही फास्ट अस्लीप म्हणतात, म्हणजे झोपेने घट्ट धरलेला.

आता आज्जीसाठी. इंग्रजीत उपवासालाही फास्टच म्हणतात, आणि तोही याच मुळातून आलेला आहे. नेम घट्ट धरून ठेवणं, पाळणं, हा त्याचा पहिला अर्थ. सकाळच्या खाण्याला ब्रेकफास्ट म्हणतात तो याचमुळे, रात्रभराचा उपास मोडायचा म्हणून. ते मोडतात, आपण सोडतो. आपलं सोडणं मला जास्त आवडतं, कारण जे धरलं तेच सोडायचं असतं. आज्जी एकादशी ‘धरते’ आणि द्वादशीला ‘सोडते’. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, आपल्याकडे हा शब्द कुणाला शिकवावा लागत नाही.

अण्णा, इथेच मला तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मिळालं. आपला ‘धरणे’ पाहा. सुताने रंग धरला. आज्जीने उपास धरला. गाडीने वेग धरला. पावसाने जोर धरला. रंग, उपास आणि वेग, फास्टचे तिन्ही अर्थ आपल्या एका क्रियापदात ओळीने बसले आहेत. शिवाय आपल्याकडे माणूस धीर धरतो, पीक तग धरतं, बाळ बाळसं धरतं आणि भीमेचं पाणी अडवणाऱ्या उजनीलाही आपण धरणच म्हणतो. इंग्रजी लहरी भाषा आहे असं तुम्ही म्हणालात, मला ते पटत नाही. धरून ठेवण्यापासून दोन्ही भाषा निघाल्या आणि दोन्ही जवळजवळ त्याच गावांना जाऊन पोचल्या. फरक एवढाच, की आपल्याला आपली वाट माहीत असते म्हणून नवल वाटत नाही.

रंग धरणं हा तर नुसता बोलण्याचा भाग नाही, ते अक्षरशः धरणंच आहे. व्हॅट रंग, म्हणजे निळीच्या जातीचा, पाण्यात विरघळत नाही, म्हणून तुम्ही कॉस्टिक आणि हायड्रो ही रसायनं घालता. त्याने रंगाचं रूप बदलतं, तो विरघळतो आणि सुताच्या आत शिरतो. लडी बाहेर काढली की हवेतल्या प्राणवायूने तो पुन्हा पहिल्यासारखा न विरघळणारा होतो, पण आता तो तंतूच्या आत अडकलेला असतो. निळीच्या हौदातून काढलेली हिरवट-पिवळी लडी डोळ्यांदेखत निळी होते ती याचमुळे. डायरेक्ट रंग सुताला नुसता चिकटून बसतो, म्हणून तो धुण्यात सुटतो. रिॲक्टिव्ह रंग १९५६ साली बाजारात आले, त्यांची सुताशी रासायनिक गाठच बसते.

माझं इथलं काम हा धरलेला रंग किती टिकतो ते बघण्याचं. या लोकरीच्या गावात रंगारी आणि रंगतज्ज्ञांची संस्था १८८४ पासून आहे, आणि इथे या पक्केपणाला ‘फास्टनेस’ म्हणतात. म्हणजे जुना अर्थ आमच्या प्रयोगशाळेत रोज बोलला जातो. नमुन्याला सहा प्रकारच्या धाग्यांची पांढरी पट्टी शिवायची, साबणाच्या पाण्यात पोलादी गोळ्यांसकट फिरवायचं, मग पट्टीवर किती डाग पडला ते राखाडी मापपट्टीशी ताडून बघायचं. १ म्हणजे वाईट, ५ म्हणजे रंग जागचा हलला नाही. उन्हासाठी वेगळी, १ ते ८ ची मोजणी. घासण्यासाठी एक छोटं यंत्र आहे, ते पांढरं फडकं कापडावर दहा वेळा मागेपुढे घासतं, एकदा कोरडं, एकदा ओलं. तुम्ही ओलं धोतराचं फडकं अंगठ्यावर घेऊन लडीवर घासायचात, ती परीक्षा हीच. यंत्राला दाब ठरवून दिलेला असतो, तुमच्या अंगठ्याला तो माहीत होता.

या शब्दाची एक वाईट बाजूही आहे. सोळाव्या शतकात इथल्या जत्रांमध्ये एक फसवा खेळ चालायचा. दुमडलेला पट्टा टेबलावर ठेवायचा आणि त्यात काठी खुपसून ती ‘फास्ट’ आहे, म्हणजे पट्ट्यात अडकली आहे, यावर पैसे लावायला सांगायचं. मग खेळणारा पट्टा अलगद ओढून मोकळा करायचा. शब्दाला न जागणाऱ्या माणसाबद्दल आजही ‘फास्ट अँड लूज’ खेळतो असं म्हणतात.

दादाच्या पोराला हे पत्र वाचून दाखवा. इंग्रजी शब्दाचे सात-आठ अर्थ पाठ करून तो कंटाळतो. त्याला म्हणावं, अर्थ पाठ करू नकोस, आधी मूळ विचार आणि मग आपल्या बोलण्यात त्याचा जोडीदार शोध. सगळ्या शब्दांना तो मिळणार नाही, पण जिथे मिळेल तिथला अर्थ पुन्हा विसरणार नाही.

आणि अण्णा, तुमच्याकडे एक काम. तुमच्या खात्यात निम्म्याहून जास्त कारागीर तेलुगू बोलणारे होते. सुताने रंग धरला नाही, की ते आपसांत कोणता शब्द वापरायचे? तोच शब्द उपासाला आणि वेगाला चालतो का, हेही विचारा. साखर पेठेतले काका अजून संध्याकाळी चहाला येत असतील, तर त्यांना विचारून मला लिहून कळवा. फोनवर नको, शब्द नीट अक्षरांत हवा आहे.

आईला सांगा, शेंगाचटणी पोचली.

तुमची,
धाकटी