काचबिंदूच्या नळीभोवतीचा वण आणि एक न पाळलेले आश्वासन : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

काचबिंदूच्या रुग्णांना डोळ्यातले पाणी बाहेर काढून दाब उतरवण्यासाठी बसवल्या जाणाऱ्या प्रत्येक निचरा-नळीची नोंद ठेवली जाईल आणि शस्त्रक्रियेनंतरच्या तपासणीची स्वतंत्र सोय होईल, असे आश्वासन आपण जाहीरपणे दिले होते. अंदाजपत्रकात या दोन्हींचा उल्लेखही नाही. ते सादर झाले त्याच आठवड्यात माझ्या डाव्या डोळ्यातील नळी निकामी ठरली, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

नळी तुटलेली नाही, सरकलेलीही नाही. डॉक्टरांनी मला खाली बघायला सांगून वरची पापणी उचलली, फोटो काढला आणि दाखवला : नळीच्या टोकाला जोडलेल्या छोट्या प्लेटच्या जागी घट्ट, ताणलेला उंचवटा आणि त्यावर लाल रक्तवाहिन्या. शरीर या परक्या वस्तूभोवती वणाचे आवरण तयार करते. थोडे आवरण आवश्यकच असते, कारण डोळ्यातले पाणी त्यातूनच झिरपून शोषले जाते. पण ते जाड झाले की पाणी अडते, दाब चढतो आणि दृष्टीची नस मरत जाते. माझ्या नजरेचा नाकाकडचा भाग असाच गेला आहे आणि तो कोणत्याही उपचाराने परत येणार नाही. जिना उतरताना मी पायरी पायाने चाचपते.

नेत्रशल्यचिकित्सक मोल्टेनो यांनी अशा रोपणाची माहिती १९६९ मध्ये प्रसिद्ध केली. त्यानंतर प्लेटसाठी पॉलिप्रॉपिलीनऐवजी सिलिकॉन आले, वण रोखण्यासाठी मायटोमायसिनसारखी औषधे वापरून पाहिली गेली, तरी वणावर खात्रीचा उपाय मिळालेला नाही. नळी आणि ट्रॅबेक्युलेक्टॉमी (नळीशिवाय पाण्याला नवी वाट करून देणारी शस्त्रक्रिया) यांची तुलना करणाऱ्या प्रसिद्ध चाचणीत ५ वर्षांत नळीच्या सुमारे ३० टक्के शस्त्रक्रिया अपयशी ठरल्या. हे आकडे आपल्या खात्यापुढे नाहीत काय?

व्हॉल्व्ह असलेल्या नळीत पहिल्या काही महिन्यांतच दाब उसळण्याचा टप्पा येतो. त्या वेळी दाब उतरवणारे थेंब लवकर सुरू केले तर निकाल सुधारतो, असे अभ्यासांत दिसले आहे. नेमक्या याच काळात मला पुढची तारीख मिळाली नाही. खिडकीवर सांगण्यात आले की शस्त्रक्रिया झाली, फाइल बंद झाली. ज्या यंत्रणेच्या लेखी रुग्ण टेबलावरून उतरला की तो बरा झाला, तिला किती डोळे नंतर विझले हे कळणार तरी कसे? शस्त्रक्रियांचा आकडा दरवर्षी छापला जातो. बंद पडलेल्या नळ्यांचा आकडा कोणी मागत नाही, म्हणून कोणी ठेवत नाही, आणि आकडाच नसल्यामुळे वण रोखणाऱ्या संशोधनाला निधी मागायचा तर आधार कशाचा दाखवायचा?

मला आता दुसरी नळी बसवावी लागणार आहे आणि तिच्याभोवतीही वण धरणारच. तेव्हा नोंदणी कोणत्या तारखेपासून सुरू होणार, पहिल्या काही महिन्यांतल्या तपासण्यांची जबाबदारी कोणाची आणि संशोधनासाठी निधी किती, याचे लेखी उत्तर शस्त्रक्रियेपूर्वी द्यावे.

आपली,
काचबिंदूची एक रुग्ण