धारगळच्या पायलटकाकांना

आदरणीय पायलटकाका,

सा. न. वि. वि.

तुमचं नाव मी विचारलं होतं. तुम्ही गाडीच्या पिवळ्या मडगार्डवर थाप मारलीत आणि म्हणालात, "पायलट म्हण. पेडण्यापासून म्हापशापर्यंत सगळे तेच म्हणतात." म्हणून या पत्रावर नाव नाही आणि पत्ताही नाही. गाडीचा नंबर मला पाठ आहे, पण तो असा चारचौघांत लिहिणं बरं दिसत नाही. धारगळच्या बाजूला सीटखाली मराठी पेपरची घडी ठेवणारे एक पायलट कुणाच्या ओळखीचे असतील, तर त्यांना एवढंच सांगावं की लातूरच्या दोघींचं पत्र आलंय. वाचतील ते स्वतःच.

ज्यांना गोव्याचे पायलट माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. गोव्यात मोटरसायकलवर भाड्याने माणसं नेणाऱ्याला पायलट म्हणतात. काळी गाडी, पुढचं मडगार्ड पिवळं, रीतसर परवाना. आपल्याकडच्या शहरांत मोबाईलवरून बाईक बोलवायची सोय आता आता आली. गोव्यात बाजाराला निघालेल्या बायका त्याच्या कितीतरी आधीपासून पायलटच्या मागे बसून जातायत.

आता आमचं. मी आणि माझी मैत्रीण, दोघी चाळिशी ओलांडलेल्या, गाडी एकच, तिची. आळीपाळीने चालवायची असं ठरवून लातूरहून निघालो ते वागातोरला बाईकवाल्यांच्या मेळाव्यासाठी. इंडिया बाईक वीक 2013 साली पहिल्यांदा वागातोरलाच भरला, तेव्हापासून तिला तिथे जायचं होतं. मुलांच्या दहाव्या, बाराव्या उरकल्या आणि एका डिसेंबरात मुहूर्त लागला. तुळजापूर, सोलापूर, मंगळवेढा, सांगोला, मिरज करत कोल्हापूरला मुक्काम. मंगळवेढ्याच्या काळ्या शिवारात ज्वारी मस्त उठली होती. दुसऱ्या दिवशी निपाणी, आजरा, आंबोलीचा घाट, सावंतवाडी, बांदा. एवढ्या रस्त्यात गाडीने हूं की चूं केलं नाही. पत्रादेवीला हुतात्मा स्मारकापाशी थांबून पाणी प्यायलो, गोव्यात शिरलो म्हणून एकमेकींना टाळी दिली, आणि धारगळच्या अलीकडे चेन सुटली.

मैत्रीण चालवत होती. खट्ट आवाज झाला, इंजिन नुसतंच ओरडायला लागलं आणि गाडीचा जोर गेला. तिने शांतपणे कडेला घेतली. मागे वळून पाहिलं तर चेन डांबरावर मेलेल्या धामणीसारखी पडलेली. चेन तुटली नव्हती, तिची दोन टोकं जोडणारं लॉक, म्हणजे पिना, पट्टी आणि वरची क्लिप, उडालं होतं. आमच्याकडे पंक्चरचं सामान होतं, जादा प्लग होता, क्लचची केबल होती. चेन लॉक नव्हतं.

आमच्या अंगावर जाकीट, गुडघ्यांना पॅड, गाडीला दोन्ही बाजूंनी सामान. मेळाव्याला निघालेली टोळकीच्या टोळकी शेजारून गेली. काहींनी हॉर्न वाजवला, काहींनी अंगठा दाखवला, आम्हीही दाखवला. त्यांच्या पाठीवर 'ब्रदरहुड' लिहिलेलं दूरपर्यंत वाचता येत होतं. फार बोलत नाही, त्यांना वाटलं असेल या फोटो काढायला थांबल्यात. दोघी बायका हसत उभ्या असल्या की लोकांना तसंच वाटतं. आणि हसत आम्ही खरोखरच होतो, कारण रडून चेन जोडली गेली नसती.

तुम्ही समोरच्या बाजूने येत होतात. पुढे जाऊन वळण घेऊन परत आलात. "कितें जालें?" एवढंच विचारलंत आणि उत्तराची वाट न बघता खाली बसलात. चेनकडे तुम्ही पाहिलंसुद्धा नाही, याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं. आधी गाडी रस्त्यापासून आणखी आत, मातीवर घ्यायला लावलीत. मग खिशातली बॅटरी काढून पुढच्या स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या आत, इंजिनाच्या कडेने उजेड फिरवलात. कशाला, असं मैत्रिणीने विचारलं. चालत्या गाडीत चेन सुटली की कधी कधी ती पुढच्या स्प्रॉकेटपाशी गोळा होते आणि इंजिनाचं कवच फोडते. तेल गळायला लागलं तर मग चेन लावून उपयोग काय? तडा नव्हता. बोटाने चाचपून खात्री केलीत, बोट पुसलंत, आणि मग कुठे तुमच्या चेहऱ्यावर हसू आलं.

तुमच्या डिकीत जादा लॉक होतं, पण तुमच्या गाडीचं. चेनच्या पट्टीवर चष्मा लावून नंबर वाचलात: आमची 520, तुमची 428. मी विचारलं, थोडंसंच लहान असेल तर चालणार नाही का? तेव्हा तुम्ही तो नंबर उकलून सांगितलात. पहिला आकडा म्हणजे एका पिनपासून दुसऱ्या पिनपर्यंतचं अंतर, इंचाच्या आठव्या भागांत मोजलेलं. 428 मध्ये आठातले चार म्हणजे अर्धा इंच, 520 मध्ये आठातले पाच. पुढचे दोन आकडे रुंदीचे. "थोडंसं न्हय, दातच बसायचे नाहीत." मी बँकेत आकड्यांतच नोकरी करते. इतकी वर्षं गाडीवर बसतेय, ते आकडे पट्टीवर कोरलेले असतात हेही मला ठाऊक नव्हतं आणि त्यांना अर्थ असतो हेही.

मी मोबाईलवर लॉकच्या जागेचा फोटो काढायला लागले तर तुम्ही अख्खी चेन उचलून कॅरीबॅगेत भरलीत आणि माझ्या हातात दिलीत. दुकानात फोटो चालत नाही, नमुना लागतो. मैत्रिणीला समोरच्या गाड्यावरच्या मावशींच्या हवाली केलंत, कोकणीत काहीतरी बजावलंत, आणि मला म्हणालात, "फाटल्यान बस." म्हणजे मागे बस.

काका, अर्धा रस्ता मी मागेच बसून आले होते, त्यामुळे मागे बसण्यात शिकण्यासारखं काही असेल असं वाटलं नव्हतं. पहिल्याच वळणावर तुम्ही बोललात, "बाय, उलट बाजूला झुकू नको. माझ्या खांद्यावरून वळणाच्या आतल्या बाजूला बघ, अंग आपोआप येतं." तसं केलं आणि गाडी हलकी झाली. ताशी चाळीसच्या वर तुम्ही कधी गेला नाहीत, ब्रेक लावल्याचंही जाणवलं नाही. आमच्याकडे वेगाच्या, घाटाच्या, किती किलोमीटर एका दमात मारले याच्या गोष्टी फार चालतात. मागच्या माणसाला काय वाटतं याबद्दल कुणी बोलत नाही. तुमचा सगळा धंदाच मागच्या माणसावर.

कोलवाळच्या पुलावर, खाली शापोरा नदी भरतीला लागलेली, तुम्ही विचारलंत लातूर कुठे आलं. मी मराठवाडा म्हटलं, निजामाचा मुलूख. तुम्हाला ते बरोबर माहीत होतं. "तुमचा मुक्तिदिन सप्टेंबरात, आमचा डिसेंबरात." मी म्हटलं, आमचा 17 सप्टेंबर 1948. तुम्ही वाऱ्यात मान मागे करून हिशेब सांगितलात: "म्हणजे देशानंतर तुम्ही तेरा महिने थांबलात. आम्ही चौदा वर्षं." 19 डिसेंबर 1961 पर्यंत. पत्रादेवीला आम्ही पाणी प्यायलो तिथे 15 ऑगस्ट 1955 ला सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या होत्या, हे तुम्ही सांगितलंत आणि करासवाड्यापर्यंत मग काही बोलला नाहीत. मीही बोलले नाही.

शुक्रवार होता. म्हापशाचा आठवड्याचा बाजार. तुम्ही गल्लीबोळ काढत गेलात आणि मी मांडीवर ग्रीसने बरबटलेली चेन घेऊन, जाकीट घालून, हरमलच्या लाल मिरच्यांच्या आणि मयड्याच्या लांबलचक केळ्यांच्या मधून चालले होते. लोक बघत होते ते चेनकडे की माझ्याकडे, देव जाणे. केळी घ्यायला मी थांबू लागले तर तुम्ही म्हणालात, आधी लॉक. पहिल्या दुकानात 520 चं नव्हतं. दुसऱ्या दुकानदाराने दिलं ते तुम्ही चेनवर धरून पाहिलंत आणि परत केलंत, पिन सैल बसत होती. तिसऱ्याकडे मिळालं. मला दोन घ्यायला लावलीत, एक जोडायला आणि एक आमच्या पिशवीत कायमचं ठेवायला.

परत येताना तुम्ही धंद्याचं थोडं बोललात. भाड्याच्या स्कूटर गल्लोगल्ली झाल्या, पर्यटक स्वतःच चालवतो. मोपाच्या विमानतळावर 2023 च्या जानेवारीत विमानं उतरायला लागली, पण दोन मोठ्या बॅगा घेऊन उतरलेला माणूस पायलटच्या मागे कसा बसणार? राहिल्या त्या बाजाराच्या बायका, कचेरीत कागद द्यायला निघालेली म्हातारी माणसं, शेवटची बस चुकलेले. कुरकुर नव्हती त्यात. हवामान सांगावं तसं सांगितलंत.

जोडायचं काम तुम्ही केलं नाही. माझ्या मैत्रिणीला करायला लावलंत, आणि त्यासाठी तुमचे आभार वेगळे मानते. तुमची पक्कड, हात तिचे. चेनची दोन्ही टोकं मागच्या स्प्रॉकेटवर आणून जोडायची, म्हणजे दातच ती धरून ठेवतात. पिन आतून बाहेर, मग पट्टी, मग क्लिप. क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेने पळते त्या दिशेला, उघडं तोंड मागे. उलटी बसवली आणि कशाला तरी घासली तर ती निघून जाते. आमची आधीची कशी बसवलेली होती ते आता कळायला मार्ग नाही, ती रस्त्यावरच राहिली. मग चेनचा ढिलेपणा. तिने घट्ट ओढली तर तुम्ही सोडायला लावलीत. खालच्या बाजूला मधोमध बोटाने वर-खाली साधारण इंचभर हलली पाहिजे. दोघी बसल्या, खड्डा आला, की ती आपोआप ताणली जाते. आधीच ताठ असेल तर बेअरिंग खाते. चाक फिरवून तीन-चार जागी तपासायचं, कारण जुनी चेन सगळीकडे सारखी नसते. हे सगळं तुम्ही हात मागे बांधून, उभ्याने सांगत होतात. ग्रीस लागलेल्या हातांनी ती उठली तेव्हा तिच्या तोंडावर जे होतं, ते मी तिच्या पोराच्या बारावीच्या निकालालाही पाहिलं नव्हतं.

आणि मग पैशांचा गोंधळ. आम्ही नोटा काढल्या. मला वाटलं, तुम्ही नको म्हणाल आणि मग आम्ही आग्रह करू, रीत असते तशी. तुम्ही सरळ जायचं भाडं आणि यायचं भाडं सांगितलंत, मोजून घेतलंत, सुटे परत दिलेत. वर ठेवलेली नोट मात्र माझ्या हातात कोंबलीत. मैत्रीण हट्टाला पेटली, एवढा वेळ दिला, एवढं शिकवलं, त्याचे का नाही? तुम्ही म्हणालात, "फाटल्यान बसली त्याचं भाडं. तो माझा धंदा, तो फुकट केला तर स्टँडवरचे बाकीचे मला बोलतील. चेन माझा धंदा न्हय." आम्ही दोघी नंतर कितीदा तरी यावर बोललो. फुकट मदत करून ओझं ठेवणारे भेटतात, मदतीच्या नावाखाली लुटणारेही भेटतात. तुम्ही दोन्हीची रेघ इतकी स्वच्छ मारलीत की आम्हाला कानकोंडं व्हायलाही जागा उरली नाही. मावशींकडच्या भाजीपावाचे पैसे मात्र तुम्ही आम्हाला देऊ दिलेत, आणि स्वतः दोन पाव जास्त खाल्लेत, हेही लिहून ठेवते.

मेळावा छान झाला. गाड्या पाहिल्या, मातीतल्या शर्यती पाहिल्या, गाणी ऐकली, शापोऱ्याच्या किल्ल्यावर जाऊन आलो. त्याचं वर्णन करणारे पुष्कळ आहेत. तुम्हाला सांगण्यासारखी गोष्ट एकच. मुक्कामाच्या ठिकाणी आमच्या शेजारी पुण्याची चार पोरं होती, गाड्या आमच्या दुप्पट किमतीच्या. मैत्रिणीने चेनची हकीगत सांगितली आणि बोलता बोलता बॅटरी घेऊन त्यांच्या चेनपाशी बसली. एकाची क्लिप उलटी निघाली. पोरगा म्हणाला, आँटी, तुम्ही मेकॅनिक आहात का? ती म्हणाली, नाही, पायलटकडे शिकले. त्याला विमानाचा पायलट वाटला आणि तिने ते तसंच राहू दिलं.

तुम्हाला आम्ही वागातोरला बोलावलं होतं. तुम्ही म्हणालात, तिथवर भाडं मिळालं तर फाटकापर्यंत येईन. आला होतात का? शनिवारी संध्याकाळी गर्दीत एक पिवळं मडगार्ड दिसलं, आम्ही हाका मारल्या, पण तो दुसराच कुणी निघाला.

पुलावर तुम्ही बोलून गेला होतात की काकूंना तुळजापूरची भवानी बघायची आहे, पंढरपूर झालं पण तुळजापूर राहिलं. तर काका, हे पत्र खरं त्यासाठी. तुळजापूरहून लातूर दीड-दोन तासांवर आहे. दर्शन करून आमच्याकडे या, मुक्काम करा. हुरड्याच्या दिवसांत आलात तर शेतावर नेऊ. तुळजापूरच्या स्टँडवर आम्ही घ्यायला येऊ, दोन गाड्या घेऊन, कारण मी आता माझी घेतली आहे. काकू मैत्रिणीच्या मागे बसतील आणि तुम्ही माझ्या. वळणावर उलट झुकलात तर मी बोलणार आहे. आणि भाडं घेणार नाही, कारण तो माझा धंदा न्हय.

काकूंना नमस्कार. गाड्यावरच्या मावशींनाही.

आपली,
लातूरची, मागे बसलेली