नापास झाला म्हणून बंड होत नसतं

संपादकसाहेब, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला चीनमधल्या ताइपिंग बंडावरचा लेख वाचला, छान होता, पण बंडाचा म्होरक्या हाँग श्यूछ्वान सरकारी नोकरीच्या परीक्षेत नापास झाला, डोकं फिरलं आणि बंड केलं, एवढ्यात विषय गुंडाळला हे काय पटलं नाही बुवा. नापास तो चारदा झाला, १८३७च्या आजारपणात सोनेरी दाढीचा म्हातारा दिसला आणि त्याने हातात तलवार दिली, सगळं खरंय, पण त्यानंतर सहा वर्षं हा गडी मास्तरकीच करत होता की! १८४३ला घरात पडलेली ख्रिस्ती पत्रकं वाचली तेव्हा कुठे वाटलं की म्हातारा म्हणजे देव आणि आपण येशूचे धाकटे भाऊ.

माणसं जमवली ती फंग युनशान या मित्राने, दक्षिण चीनमधल्या क्वांगशी प्रांताच्या डोंगरात, कोळसा पाडणारे, खाणमजूर, हाक्का (म्हणजे बाहेरून येऊन वसलेले) शेतकरी. तिथे जमिनीवरून हाक्का आणि स्थानिकांत हाणामाऱ्या, त्यात ब्रिटनशी झालेल्या अफूयुद्धानंतर व्यापार कँटन बंदराकडून शांघायकडे वळला आणि हमाल-नावाडी बेकार झाले (बरीचशी अफू माळव्यातली, आपल्या मुंबई बंदरातून गेलेली, एक ओळ तरी टाकायची होती). मग जानेवारी १८५१, चिनथ्येन गाव, आणि बंड.

पुढचा भाग येणार असेल तर फंगवर लिहा.

— एक नियमित वाचक, डोंबिवली