न बघितलेला शेवटचा भाग: डीटीएच कंपनीस तक्रार पत्र

डोंबिवली (पूर्व)
दि. २५ एप्रिल २०२२

प्रति,
मुख्य व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग
प्रत: नोडल अधिकारी, महाराष्ट्र

विषय: आपल्या तंत्रज्ञाने न विचारता पुसून टाकलेली ३१२ रेकॉर्डिंग्ज आणि त्यावर आपल्या प्रतिनिधीने दिलेले उत्तर.

महोदय,

आपल्या ग्राहक सेवा केंद्राशी आज दुपारी झालेले सव्वीस मिनिटांचे बोलणे हे या प्रकरणातले सातवे होते आणि माझ्यापुरते शेवटचे. यापुढे जे असेल ते लेखी असावे, म्हणून हे पत्र.

आपला रेकॉर्डिंगचा बॉक्स कसा चालतो हे मी आपल्याला सांगण्याचे कारण नाही. ग्राहकाने स्वतःच्या पैशाने आणलेली हार्ड डिस्क त्याला जोडली, की तिच्यावरचे प्रत्येक रेकॉर्डिंग त्याच बॉक्सशी बांधले जाते. तीच डिस्क दुसऱ्या बॉक्सला लावली तर तो तिला ओळख देत नाही आणि ती फॉरमॅट करायची का, एवढेच विचारतो. ही व्यवस्था वाहिन्यांच्या हक्कांसाठी आहे हे मला समजते आणि तिच्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. माझे म्हणणे असे आहे की जे माझ्यासारख्या निवृत्त कारकुनाला ठाऊक आहे, ते आपण घरी पाठवलेल्या तंत्रज्ञाला ठाऊक नव्हते, किंवा ठाऊक असूनही त्याने रिमोटवरचे ओके दाबले. यातले दुसरे अधिक गंभीर की पहिले, हे आपणच ठरवावे.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून संध्याकाळी वारा सुटला की आमच्याकडे चित्र फुटू लागले. पडद्यावर चौकोन येत, आवाज तुटे, आणि वारा पडला की सगळे पूर्ववत होई. गच्चीवरच्या छत्रीत काहीतरी सैल झाले आहे, हे आमच्या इमारतीच्या वॉचमनने खालून वर बघूनच सांगितले होते. १८ तारखेला आपला तंत्रज्ञ आला, तो गच्चीवर गेलाच नाही. दिवाणखान्यात उभ्या उभ्या त्याने बॉक्सला हात लावला, ‘गरम होतोय’ असे निदान केले, पिशवीतून दुसरा बॉक्स काढला, माझी डिस्क त्याला जोडली, आणि मी त्याच्यासाठी पाण्याचा पेला घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर येईपर्यंत पडद्यावरच्या प्रश्नाचे उत्तर देऊनही टाकले. ते घर माझे, डिस्क माझी आणि प्रश्नही मलाच विचारलेला होता. त्याने पाणी प्यायले, जुना बॉक्स पिशवीत टाकला, भेटीचे अडीचशे रुपये घेतले आणि तो गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वारा सुटला आणि नव्या बॉक्सवर तेच चौकोन दिसू लागले. २१ तारखेला दुसरा मुलगा आला, न सांगता गच्चीवर गेला, छत्रीवरचा एलएनबी, म्हणजे सिग्नल पकडणारा भाग, बदलला, सैल झालेला नट आवळला आणि दहा मिनिटांत खाली आला. तेव्हापासून चित्र स्वच्छ आहे. याचा अर्थ जुना बॉक्स बदलण्याची गरजच नव्हती.

त्या डिस्कवर काय होते, असे आपल्या सातपैकी चार प्रतिनिधींनी मला विचारले, म्हणून ते एकदा नीट लिहितो. एकूण ३१२ रेकॉर्डिंग्जपैकी चार माझ्या भाच्यासाठी ठेवलेल्या क्रिकेट सामन्यांची होती. उरलेली ३०८ झी मराठीवरच्या ‘रात्रीस खेळ चाले’ या कोकणातल्या भुताखेतांच्या मालिकेची होती.

आपल्या खात्यात ही नोंद ‘मनोरंजन’ या सदरात जात असेल. आमच्या घरात ती तशी नव्हती. माझी आई कुडाळ तालुक्यातली. लग्न होऊन मुंबईकडे आली त्याला आता सदुसष्ट वर्षे होतील. २०१६ च्या फेब्रुवारीत पहिले पर्व सुरू झाले, त्यात पहिल्याच भागांत घरातले कर्ते अण्णा नाईक जातात आणि सगळे घर गोळा होते, तेव्हा आई जी टीव्हीसमोर सरसावून बसली ती भुताखेतांसाठी नव्हे. नाईकांच्या घरातल्या विसराळू पांडूने तोंड उघडले आणि तिला तिच्या माहेरची मालवणी ऐकू आली. रात्री साडेदहाच्या वेळेला घराघरात मालवणी बोलली जाते आहे, ही तिच्या दृष्टीने भुतापेक्षा मोठी अद्भुत गोष्ट होती. सिंधुदुर्गातूनच तेव्हा या मालिकेवर आक्षेप घेतले गेले, कोकणाची बदनामी होते असे म्हटले गेले, आणि अंधश्रद्धेचा मुद्दा तर मलाही अगदीच गैरलागू वाटला नव्हता. परंतु आईपुढे ते बोलण्याची सोय नव्हती. ती विसरलेल्या प्रत्येक गोष्टीवर पांडूसारखे ‘इसारलंय’ म्हणू लागली, आणि रक्तदाबाची गोळी घ्यायची राहिली तरी हेच उत्तर मिळू लागले.

ती गोळी हेच रेकॉर्डिंगचे कारण. आई नऊला झोपते. पहिले पर्व तिने आठ महिने डोळे ताणून पाहिले आणि डॉक्टरांची बोलणी मी खाल्ली. जानेवारी २०१९ मध्ये दुसरे पर्व येणार, त्यात अण्णांची हयात आणि त्यांची प्रेयसी शेवंता हिची कथा दाखवणार, असे कळल्यावर मी डिसेंबर २०१८ मध्ये आपला रेकॉर्डिंगचा बॉक्स घेतला आणि एक टीबीची डिस्क स्वतंत्रपणे विकत आणली. म्हणजे आपला बॉक्स माझ्या घरात आला तो या मालिकेसाठीच आला. तेव्हापासून आमच्याकडे अण्णा रात्री येत नसत, दुपारी जेवणानंतर येत. तळमजल्यावरच्या दोन बायका आणि माझी आई पंखा एकवर ठेवून बसत. माधव अभ्यंकरांचे अण्णा मिशीवरून हात फिरवू लागले की तिघी मिळून त्यांना शिव्या देत, आणि शेवंता पडद्यावर आली की शिव्या देण्याचे विसरत. शकुंतला नरे यांच्या माई, म्हणजे अण्णांची बायको, गप्प बसून सोसताना दिसल्या, की आई रिमोट मागे नेई आणि तेच दृश्य पुन्हा बघे. का, ते तिने कधी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. ते भाग मी लॉक करून ठेवले होते. आपल्याच मेनूमध्ये ‘लॉक’ असा पर्याय आहे, त्याचा उपयोग नेमका कशापासून रक्षण करण्यासाठी होतो, हे जमल्यास कळवावे.

त्या मालिकेनेही कमी सोसले नाही. मार्च २०२० मध्ये सगळीकडची चित्रीकरणे थांबली, ती पुन्हा सुरू झाल्यावर ऑगस्टअखेरीस दुसरे पर्व आटोपले. मार्च २०२१ मध्ये तिसरे सुरू झाले, तर महिन्या-सव्वा महिन्यात पुन्हा निर्बंध आले आणि ऑगस्टपर्यंत सगळे ठप्प. पुढे शेवंतेच्या भूमिकेत अपूर्वा नेमळेकर यांच्या जागी कृतिका तुळसकर आल्या, त्यावर आमच्या दुपारच्या मंडळीत एक आठवडा वाद झाला. खरे सांगायचे तर तिसऱ्या पर्वात, अण्णा आणि शेवंता दोघेही भुते होऊन वाड्यात वावरू लागल्यावर, माझा स्वतःचा रस कमी झाला होता. जिवंतपणी जो माणूस इतका भयंकर होता, त्याला भूत करून फार काही वाढवता येत नाही. परंतु आईने एकही भाग सोडला नाही. पहिल्या पर्वात उगाच घाबरवले, दुसऱ्यात माणसे दाखवली, असे तिचे मत होते आणि मला ते समीक्षकांच्या मतांपेक्षा बरे वाटते.

या एप्रिलमध्ये मालिका संपली. शेवटचा भाग आम्ही रेकॉर्ड केला आणि पाहिला नाही. आईची धाकटी बहीण सावंतवाडीला असते; आकेरीला जिथे चित्रीकरण झाले ते घर तिने बाहेरून पाहून आल्यापासून तिचा या विषयावर जरा अधिकार चालतो. पहिला भाग दोघींनी २०१६ मध्ये आमच्या घरी एकत्र पाहिला होता, म्हणून शेवटचाही एकत्रच पाहायचा, असे ठरले. घरात कोणी त्याबद्दल बोलायचे नाही, फोनवर आलेले काही वाचून दाखवायचे नाही, अशी ताकीद होती आणि आम्ही ती पाळली. मावशी काल, २४ तारखेला, तुतारी एक्सप्रेसने पहाटे ठाण्याला उतरली. दुपारी दोघी जेवून, तोंड धुऊन, टीव्हीसमोर बसल्या. १८ तारखेपासून हे कसे सांगावे याचा मी विचार करत होतो, ते मला तेव्हाही सुचले नाही. मी रिकामी यादी दाखवली. आई म्हणाली, “बॉक्स बदललो मा? मगे अण्णा खंय गेलो?” या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे असल्यास द्यावे.

आता आजच्या संभाषणाकडे येतो. मला ऐकवलेले शब्द मी विसरत नाही, म्हणून ते जवळपास जसेच्या तसे देत आहे. अकरा मिनिटे संगीत ऐकवल्यानंतर एक तरुण प्रतिनिधी फोनवर आले. मी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी ऐकून घेतली, निदान मधे बोलले नाहीत. मग म्हणाले, “सर, पण मालिका तर संपली ना?” मी म्हटले, संपली. ते म्हणाले, “मग आता रेकॉर्डिंगचा काय उपयोग, सर?” मी त्यांना शांतपणे विचारले की आपल्या घरी लग्नाचा अल्बम आहे का आणि लग्न संपल्यावर तो रद्दीत दिला का. यावर थोडा वेळ टंकलेखनाचा आवाज आला. मग ते म्हणाले, “सर, सगळे भाग मोबाइलवर ॲपमध्ये बघता येतात.” मी म्हटले, माझी आई शहाऐंशी वर्षांची आहे, तिच्या एका डोळ्याला मोतीबिंदू आहे आणि मी ॲपचे पैसे आपल्याला भरलेले नाहीत, रेकॉर्डिंगच्या बॉक्सचे भरलेले आहेत. पुन्हा टंकलेखन. आणि मग, महोदय, अतिशय गोड आवाजात, खरोखरच मदत करण्याच्या भावनेने ते म्हणाले, “सर, मी इथे सर्च केलंय. शेवटच्या भागात काय होतं ते मी सांगू का तुम्हाला?”

मी ‘नको’ म्हणालो. ते म्हणाले, “दोनच ओळी आहेत, सर.” मी पुन्हा ‘नको’ म्हणालो. त्यांनी वाचायला सुरुवात केली. “शेवटी अण्णा…” एवढे ऐकून मी फोन कानापासून दूर धरला आणि ओरडलो. शेजारच्या खोलीतून मावशी धावत आली. मी पासष्ट वर्षांचा आहे. अण्णा नाईकांमुळे माझ्या घरात कोणी किंचाळण्याची सहा वर्षांतली ही पहिली वेळ होती, आणि त्याचे श्रेय वाहिनीकडे नसून आपल्या ग्राहक सेवेकडे जाते. शेवटी त्यांनी माझ्या खात्यात तीन दिवसांची वैधता जमा करत असल्याचे सांगितले आणि आजच्या सेवेला एक ते पाच यांतले गुण देण्याची विनंती केली. सव्वातीन वर्षांच्या रेकॉर्डिंगच्या मोबदल्यात तीन दिवस हा हिशेब कोणी केला, हे मला जाणून घ्यायचे आहे.

आपल्या आधीच्या प्रतिनिधींपैकी एका बाईंनी मला सांगितले होते की जुना बॉक्स गोदामातून परत मागवून रेकॉर्डिंग ‘रिकव्हर’ करता येईल. दुसऱ्यांनी सांगितले की डिस्क फॉरमॅट झाली असल्याने जुना बॉक्सही काही करू शकणार नाही. दोघांनी आपापले म्हणणे ठामपणे मांडले. डिस्क न पुसता नुसता बॉक्स बदलला असता, तर जुना बॉक्स परत आणून निदान दोन बहिणींना एक भाग दाखवता आला असता. तेवढीही शक्यता आपल्या माणसाने एका बटणात संपवली. आणि तीही ज्या बॉक्सला काही झालेलेच नव्हते त्याच्यापायी. हे मी वर लिहिले आहे, तरी पुन्हा लिहितो.

२०१४ पासून मी आपला ग्राहक आहे. पॅकचे दर वाढले, वाहिन्या निवडण्याचे नवे नियम आले, आमच्या इमारतीतल्या निम्म्या लोकांनी छत्र्या काढून टाकल्या, तरी मी राहिलो, कारण पावसाळ्यातले पाच-सात दिवस सोडले तर आपली सेवा चांगली आहे असे मी चारचौघांत सांगत असे. ते मी आता सांगणार नाही.

मला पुढील गोष्टी हव्या आहेत. १८ एप्रिलच्या भेटीचे अडीचशे रुपये परत करावेत. माझ्या संमतीशिवाय डिस्क पुसली गेल्याची लेखी कबुली द्यावी. तंत्रज्ञाने बॉक्स बदलण्यापूर्वी रेकॉर्डिंग जाईल असे ग्राहकाला सांगून त्याची सही घ्यावी, असा आपला नियम असल्यास त्याची प्रत पाठवावी, आणि नसल्यास तो करावा. नुकसानभरपाईचा आकडा मी मुद्दाम लिहीत नाही. तो आपण सुचवावा, म्हणजे आपण या गोष्टीची किंमत काय समजता ते मला कळेल. पंधरा दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास मी ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मी राहतो त्या जिल्ह्यात मला तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, हे मी पाहून ठेवले आहे. वेळ माझ्याकडे भरपूर आहे, कारण दुपारी बघण्यासारखे आता काही उरलेले नाही.

मावशी गुरुवारपर्यंत आहे. तोपर्यंत भाच्याच्या लॅपटॉपवरून तो भाग टीव्हीवर दाखवण्याची खटपट चालू आहे आणि ती आम्ही आमच्या बळावर करू. उत्तर मराठीत आणि पत्रानेच पाठवावे, फोन करू नये. आणि त्या उत्तरात शेवटच्या भागात काय झाले ते कृपया लिहू नये.

आपला,
एक ग्राहक
(ग्राहक क्रमांक आणि सातही तक्रार क्रमांक आपल्याकडे नोंदलेले आहेत.)

सोबत: १८ एप्रिलच्या पावतीची छायाप्रत.