बेकरीवाल्या ताई, तुमचे आभार

जर्सी सिटीत माझं पोळीभाजीचं छोटं दुकान आहे. मे महिन्यात एका पहाटे कराडहून फोन आला, वडील गेले. विमान दुपारचं, आणि स्वयंपाकघरात डब्यांची तयारी पसरलेली. मला काही सुचेना.

शेजारच्या फिलिपिनो बेकरीच्या ताईंनी किल्ली मागून घेतली. त्यांच्याकडच्या दोन मुलांनी यादी घेऊन एकेका गिऱ्हाइकाला फोन केला, झालेली भाजी घरपोच दिली, फ्रीज रिकामा केला. ताईंची आई २०२० मध्ये फिलिपिन्समध्ये इलोइलोला वारली. विमानं बंद होती, अंत्यविधी त्यांनी फोनवर पाहिला. "तू पोचायलाच हवंस," एवढंच त्या मला म्हणाल्या.

निघताना विचारलं, "घरात कुणी गेल्यावर तुमच्यात अंडं चालतं का?" आणि बिनअंड्याचे गरमागरम पांदेसाल पाव बांधून दिले. सोबत पाकिटात पैसे. दुःखाच्या घरी ते द्यायची त्यांच्याकडे रीतच आहे. त्यांच्यातही गेलेल्या माणसासाठी नऊ दिवस प्रार्थना करतात. माझ्या बाबांसाठी त्यांनी ती बेकरीत रोज केली, हे मला परतल्यावर कळलं.

ताई, आणि रात्री उशिरापर्यंत माझी भांडी घासणाऱ्या पोरांनो, मनापासून आभार. बाबांच्या दहाव्याला मी कराडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर होतो, ते तुमच्यामुळे.