रविवार नव्हे, तिथी बघून धक्का गाठा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी आणि कोयनेचा विसर्ग आपण रोज छापता. पंचांग तर बारा महिने असतेच. त्याच्या शेजारी दर शुक्रवारी रत्नागिरीच्या भरती-ओहोटीच्या वेळा द्याव्यात, एवढ्यासाठी हे पत्र. घाटावरच्या पेपरात समुद्राचे पाणी कशाला, असे कुणी म्हणेल. पण सांगली, मिरज, कराड, साताऱ्याहून आंबा किंवा कुंभार्ली घाट उतरून बंदराच्या धक्क्यावर गळ टाकायला जाणारे बरेच आहेत, आणि त्यातले निम्मेअधिक नेमके नको त्या वेळी पोहोचतात.

घोटाळा होतो तो नदीच्या सवयीमुळे. कृष्णा-वारणेच्या डोहावर पहाट आणि तिन्हीसांज साधली की काम झाले, वार कोणता याच्याशी मासळीला देणेघेणे नसते. समुद्राचे पाणी मात्र साधारण सव्वासहा तास चढते, तेवढाच वेळ उतरते आणि हे चक्र रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. सात दिवसांत हा फरक पावणेसहा-सहा तासांचा होतो. म्हणजे गेल्या रविवारी सकाळी दहाला धक्का तुडुंब भरलेला असेल, तर या रविवारी दहाला तिथे चिखल आणि खडक दिसणार.

वेळ काढायचा किनाऱ्यावरचा हिशेब सोपा आहे. तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास, आणि दुसरी त्यानंतर सुमारे साडेबारा तासांनी. वद्य पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एक मोजायचे, अमावास्या १५ धरायची. तिथी दिवसात कधीही बदलते, क्षय-वृद्धी असते, वारा पाणी अडवतो किंवा ढकलतो, त्यामुळे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. बेत आखायला हा हिशेब पुरेसा आहे, धक्क्यावर उभे राहायची वेळ मात्र तक्त्यावरूनच ठरवावी.

आता रविवारी षष्ठी आहे असे धरा. भरती पहाटे आणि दुपारी साडेचारच्या आसपास, म्हणजे सकाळची पूर्ण ओहोटी पावणेअकराला. सांगलीहून पहाटे पाचला निघालेली गाडी साडेनऊ-दहाला रत्नागिरीत पोहोचते. पाणी तळाला, ऊन डोक्यावर आणि खारे वारे सुटायच्या बेतात. तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, वाऱ्याने फुगते, माशाची टोचणी हाताला कळत नाही. खांबांवरची कालवे, म्हणजे धारदार शिंपले, उघडी पडलेली असतात. मासा लागलाच, तर तो खांबाकडे धाव घेतो आणि तंगूस त्या धारेवर कापले जाते. तोच रविवार अमावास्येचा असता, तर भरतीचा शेवटचा सव्वा-दीड तास आयता मिळाला असता. मग मासे मिळतात आणि श्रेय जाते नव्या रॉडला.

धक्क्यावरून सर्वांत चांगला काळ म्हणजे भरतीचे शेवटचे दोन तास आणि पाणी फिरल्यावरचा पहिला तास. पूर्ण भरतीला पाणी थबकते, तेव्हा चहा प्यावा. चढत्या पाण्याबरोबर बारकी मासळी खांबांशी येते आणि तिच्यामागे तांबोशी, गोबरा, पालू. हे तीन तास उजाडण्याशी किंवा मावळण्याशी जुळले, तर सोन्याहून पिवळे. एकादशी-द्वादशीला भरती सकाळी सव्वाआठ ते नऊच्या दरम्यान आणि पुन्हा रात्री पावणेनऊ-साडेनऊला येते. चढते पाणी सूर्योदयालाही सापडते आणि सांजेलाही. अष्टमी-नवमीच्या भांगात, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, मेलेला पाण्याचा जोर तोवर परतू लागलेला असतो. मासा लागायची सर्वांत चांगली तिथी आणि आपल्याकडचा उपास एकाच दिवशी यावा, याला इलाज नाही. द्वादशीला जा.

उधाण म्हणजे जास्त मासे, हा समज अर्धाच खरा. पुनव-आवसेच्या आगेमागे भरतीच्या मधल्या दोन तासांत जवळपास निम्मे पाणी चढते. जयगड, दाभोळ, विजयदुर्गसारख्या खाडीच्या तोंडावर तेव्हा गळाला बांधलेले ४० ग्रॅमचे शिसे तळाला टिकतच नाही, वाहत जाऊन दोरखंडात अडकते. तिथे ८० ते १०० ग्रॅम लागते, किंवा तो मधला वेळ सोडून द्यावा. उलट भांगात ३० ग्रॅमही भरपूर, पण प्रवाह मंद असल्याने आमिषाचा वास पसरत नाही. अशा वेळी ताजी कोळंबी किंवा बांगड्याचा रक्ताळ तुकडा लावून दर वीस मिनिटांनी बदलावा. खाडीच्या धक्क्यावर ओहोटीचा पहिला दीड तासही वाया घालवू नये. खारफुटीतली कोळंबी आणि पिल्ले त्या पाण्याबरोबर बाहेर वाहतात. उघड्या बंदरावर ही सोय नसते, तिथे भरतीच बघायची.

ऋतूंपैकी ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. पहाटे जमिनीवरून मतलई वारा असतो, पाणी धक्क्यापाशी शांत राहते आणि फेक लांब जाते. अकरानंतर वारा उलटतो, तेव्हा आवरते घ्यावे. १ जून ते ३१ जुलैची बंदी यांत्रिक नौकांसाठी असते, धक्क्यावरच्या गळासाठी नव्हे, म्हणून काही जण त्या दिवसांतही जातात. जाऊ नये. गढूळ गोड्या पाण्यात तसेही फारसे काही लागत नाही, आणि लागतो तो बहुतेक शिंगाळा, ज्याचा काटा विषारी असतो. हैदराबादचे इन्कॉइस हे सागरी माहिती केंद्र उंच लाटांचा इशारा देते. तो असेल तर पायरीवर उतरण्याचा विचारही नको. एरवीही शेवाळाच्या रेषेखाली पाय ठेवू नये. लिलाव आणि होड्या लागण्याच्या वेळी गळ आवरून जागा मोकळी करावी, धक्का त्यांच्या पोटासाठी बांधलेला आहे.

तक्ता छापायला अवघड नाही. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टके काढतो. त्यातून शनिवार-रविवारच्या आठ नोंदी घेतल्या तरी चार ओळींत मावतील. दोन गोष्टी मात्र पाळाव्यात. वेळ भारतीय प्रमाणवेळेत असावी. मोबाइलवरचे काही तक्ते दुसऱ्याच वेळेत असतात आणि साडेपाच तासांचा फरक पडला की भरतीच्या जागी जवळपास ओहोटी वाचली जाते. आणि वेळेसोबत मीटरमध्ये उंचीही द्यावी. आपल्या किनाऱ्यावर दिवसातल्या दोन भरत्या सारख्या नसतात, त्यामुळे सकाळच्या भरतीसाठी मध्यरात्री घाट उतरायचा की दुपारी निघून रात्रीची गाठायची, हे त्या आकड्यावरूनच ठरते.

आपले,
गळाचा नाद असलेले काही वाचक, सांगली-मिरज